म्हातारपणाचा वाटा

जर्मनीस जाऊन आलेल्या मनुष्याने ऱ्हाईन नदी, कोलोनचे भव्य मंदिर आणि बर्लिनची पडलेली भिंत यांविषयी लिहावे, असा जणू संकेतच ठरून गेला आहे. हे सारे मीही पाहिले; पण त्याचे वर्णन वाचकांनी अनेक वार वाचलेले असल्यामुळे ते पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. मी आज एका गोठ्याविषयी लिहिणार आहे. तो गोठा पाहून आल्यापासून आमच्या वाईच्या वाड्यासंबंधी माझे विचार पालटले, आणि घरातल्या मंडळींशी माझा थोडासा वादही झाला. म्हणून तो वृत्तान्त कुटुंबवत्सल वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता मी माझ्या कन्येकडे हांबुर्ग येथे गेले होते. तिथे पोचून आठ दिवस झाले नाहीत तोच धाकट्या भावोजींचा पुण्याहून दूरध्वनी आला. "वहिनी, वाड्याचा सौदा ठरत आला आहे. थोरल्या वहिनींची सोय पुण्यातल्या एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात करू. तुम्ही परत आल्यावर सह्या तेवढ्या करायच्या." थोरल्या जाऊबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. थोरले भावोजी निवर्तल्यापासून त्या कृष्णाकाठच्या त्या तीन चौकी वाड्यात एकट्या राहतात. सोबतीला एक कामवाली बाई आणि देव्हाऱ्यातले देव. भावोजींचे म्हणणे अवास्तव होते असे नाही. वाड्याची तुळई वाळवीने खाल्ली आहे, जाऊबाईंना जिना चढवत नाही, आणि आम्ही दोघेही भाऊ-भावजया पुण्यास स्थायिक झालेलो. मी "बरे" म्हणून दूरध्वनी ठेवला. पण मन स्वस्थ होईना.

त्या आदितवारी माझ्या मुलीने मला लूनेबुर्गच्या माळावर नेले. हांबुर्गच्या दक्षिणेस मोटारीने तासाभराच्या वाटेवर हा विस्तीर्ण माळ पसरलेला आहे. त्यावर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप उगवते आणि ऑगस्ट-सप्टेंबरांत त्यास जांभळी बारीक फुले येतात. कासच्या पठाराची आठवण व्हावी असा तो देखावा. मात्र येथला रंग एकच, आणि तो क्षितिजापर्यंत. करड्या लोकरीच्या, वळलेल्या शिंगांच्या मेंढ्यांचे कळप या माळावर चरतात. त्यांनी कोवळी रोपे खाल्ली नाहीत तर थोड्याच वर्षांत येथे अरण्य माजेल, असे कळले. अर्थात हा माळ केवळ निसर्गाने निर्माण केलेला नव्हे; तो मनुष्याच्या वहिवाटीने घडला, आणि तो राखला आहे तो मेंढ्यांनी व मेंढपाळांनी.

उंडेलो गावी मोटार ठेवून आम्ही घोड्यांच्या गाडीतून विल्सेडे या खेड्यास गेलो. या खेड्यात मोटारी नेण्यास बंदी आहे. तेथे १९०७ साली उघडलेले एक लहानसे संग्रहालय असून ते म्हणजे एक जुने शेतकऱ्याचे घरच होय. उत्तर जर्मनीतील शेतकऱ्याच्या घराची रचना मी तेथे प्रथम पाहिली. आपल्याकडे घर, गोठा आणि खळे ही तीन निरनिराळी ठिकाणे. तिकडे तिन्ही एकाच प्रचंड छपराखाली. ओकच्या लाकडांचे खांब, वर बोरूचे जाड शाकार, आणि आढ्याच्या टोकाशी एकमेकांस छेदणाऱ्या दोन लाकडी घोड्यांची तोंडे. पुढच्या दाराने धान्याने भरलेली गाडी सरळ आत येई. आत लांबच लांब मळणीचे खळे; त्याच्या दोन्ही अंगांस गाईंचे व घोड्यांचे ठाण; डोक्यावर माळ्यात गवत आणि राय धान्याच्या पेंढ्या. खळ्याच्या शेवटी उघडी चूल, आणि तिच्यामागे माणसांच्या निजण्याच्या खोल्या. धुराडे नाही. धूर छपरातून वाट काढीत बाहेर जाई आणि जाता जाता वर टांगलेले मांस टिकवी व तुळयांची कीड मारी.

ओस्नाब्रुकचे न्यायशास्त्रज्ञ व लेखक यूस्टुस म्योझर (१७२०–१७९४) यांनी या घराची मोठी वाखाणणी केली आहे. त्यांचे म्हणणे असे की, या घरातील चूल अशा ठिकाणी मांडलेली असते की तिच्यापाशी बसलेल्या गृहिणीस एकाच वेळी सारे दिसावे. सूत काततानाच ती मुलांवर नजर ठेवते, गड्यांचे काम पाहते, कोण आले कोण गेले ते जाणते, गाईघोड्यांची हालचाल ऐकते, आणि चुलीवरचे भांडेही तिच्या हाताखालीच असते. हे ऐकताना मला आमचा वाडा आठवला. आमचे स्वयंपाकघर तिसऱ्या चौकात, माजघराच्या पलीकडे, काळोखात. तेथे उभे राहिले असता भिंतीखेरीज काही दिसत नाही. बेचाळीस वर्षे मी त्या घराची सून आहे. पण चुलीपाशी बसून घर दिसावे, ही अपेक्षा कधी माझ्या मनात आली नव्हती.

परतताना मुलीने विचारले, "आई, असलंच एक घर बघायचं का? पण ते चालतं आहे. तिथं म्हातारी माणसं राहतात." तिची एक मैत्रीण परिचारिका असून त्या घरी काम करीत होती. अशा रीतीने दुसऱ्या दिवशी आम्ही माळाच्या कडेवरील एका गावी गेलो. गावाचे व घराचे नाव देत नाही, कारण ते एका कुटुंबाचे राहते घर आहे.

भोवती ओकची जुनी झाडे. घर बांधणारा ही झाडे लावी ती स्वतःसाठी नव्हे. नातवास घर दुरुस्त करावयाचे झाल्यास लाकूड असावे म्हणून. मोठ्या दाराच्या वरच्या तुळईवर ते घर बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावे व अठराव्या शतकाच्या अखेरचे साल कोरलेले होते. दाराची प्रचंड झडपे दोन्ही बाजूंस उघडून ठेवलेली असून त्यांच्या आत काचेची भिंत बसविली होती. त्यामुळे पूर्वी काळोखे असणारे खळे उजेडाने भरून गेले होते. या खळ्यात दिवसा पंधराएक वृद्ध येतात. सकाळी लहान मोटार गावोगावी फिरून त्यांस आणते, आणि चार-साडेचारच्या सुमारास आपापल्या घरी पोचविते. दोन्ही अंगांच्या ठाणांच्या जागी खोल्या झाल्या आहेत. त्यांत आठ वृद्ध कायमचे राहतात. हा वृद्धाश्रम नव्हे. प्रत्येकजण आपल्या खोलीचा भाडेकरू आहे, खोलीत स्वतःचे कपाट व खुर्ची आहे, आणि शुश्रूषा कोणाकडून घ्यावयाची हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे असते.

आणि खळ्याच्या शेवटी, जेथे पूर्वी उघडी चूल होती नेमक्या त्याच जागी, स्वयंपाकाचा ओटा! भोवती भिंत नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईस पुढचे दार, खळ्यातील मंडळी, दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारे, सारे दिसत होते. चार वृद्धा टेबलाशी बसून बटाटे सोलीत होत्या. एकीच्या हातात बटाटा होता आणि सोलण्याची क्रिया ती विसरली होती. शेजारणीने तिचा हात धरून पुन्हा चालता केला. म्योझरचे वर्णन मी आदल्याच दिवशी ऐकले होते; ते अशा स्वरूपात पाहावयास मिळेल असे वाटले नव्हते.

जुन्या घराचे हे रूपांतर सोपे झाले नाही. असल्या घरांस तिकडे स्मारक म्हणून कायद्याचे संरक्षण असते. खांब कापावयाचा नाही, बाहेरचे स्वरूप बदलावयाचे नाही. उलट वृद्धांच्या निवासाचे नियम सांगतात की, चाकांच्या खुर्चीसाठी दार ९० सेंटिमीटर रुंद पाहिजे, आणि खुर्ची वळावी म्हणून दीड मीटर लांब व दीड मीटर रुंद जागा मोकळी पाहिजे. ठाणांचे छप्पर इतके उतरते की भिंतीपाशी उंच मनुष्यास वाकावे लागे. तेथे खाटांचे उसे आले, आणि चालण्याची वाट उंच बाजूस ठेवली. दगडगोट्यांची जमीन काढून नवी सपाट जमीन केली व तिच्याखालून ऊन पाण्याच्या नळ्या फिरविल्या. शाकार आगीस भिणारे, म्हणून बाहेर पडण्यास दुसरा मार्ग व जागोजाग धुराची सूचना देणारी यंत्रे. खांबांवर मात्र त्या काळच्या सुताराने खुणेसाठी पाडलेले आकडे तसेच आहेत.

घराची मालकीण पन्नाशीची, उंच व बोलण्यास मोकळी अशी बाई होती. तिचे सासरे याच घरात जन्मले. नवऱ्याने गाई विकल्या आणि जमीन खंडाने दिली. लहान शेतकऱ्यास आता तिकडेही टिकाव धरवत नाही. २०२० च्या कृषिगणनेत सबंध जर्मनीत सुमारे २ लाख ६३ हजारच शेतवाड्या उरल्या होत्या. प्रश्न असा पडला की रिकाम्या गोठ्याचे काय करावे, आणि त्याच वेळी सासऱ्यांस स्मृतिभ्रंश जडलेला. ती म्हणाली, आणि माझ्या मुलीने मला सांगितले, "तीन वर्षं मी त्यांचं एकटीनं केलं. एका माणसासाठी माझा सारा दिवस जाई आणि तरी ते एकटेच असत. मग मला वाटलं, माझ्यासारख्या सुना या गावातून किती असतील!"

येथे माझी एक समजूत खोटी ठरली. पाश्चात्त्य लोक आईबापांस आश्रमात टाकतात, असे आपण लहानपणापासून ऐकतो व मुलांस सांगतोही. वस्तुस्थिती अशी की, २०२३ च्या अखेरीस जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेली ५७ लाख माणसे होती, आणि त्यांपैकी शंभरात ८६ माणसांची शुश्रूषा घरीच होत होती. सुमारे ३१ लाखांचे तर मुख्यतः नातलगच करीत. फरक असा की, तिकडे ही गोष्ट केवळ प्रेमावर सोपविलेली नाही. १९९५ पासून शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे. २०२५ साली प्रत्येक पगारातून शेकडा ३.६ इतका भाग त्यासाठी जाई, त्यातील काही वाटा मालक भरी. आणि ज्यांस अपत्य नाही त्यांस थोडे अधिक द्यावे लागे. मनुष्य किती परावलंबी आहे हे पाहून त्याच्या पाच पायऱ्या ठरवितात. दिवसा अशा घरी जाण्यासाठी त्याच वर्षी दुसऱ्या पायरीस महिना ७२१ युरो व पाचवीस २,०८५ युरो विमा देत होता, आणि घरच्या शुश्रूषेस मिळणारी रक्कम त्यामुळे कमी होत नसे. जेवणाचा व राहण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याने करावयाचा.

याहीपेक्षा मला नवल वाटले ते एका जुन्या चालीचे. शेतकरी म्हातारा झाला म्हणजे तो शेत मुलाच्या नावे करी. पण त्याआधी एक करारनामा होई. त्यास जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'म्हाताऱ्यांचा वाटा' असा आहे. आईबापांस राहण्यास कोणती खोली, जळणास किती लाकूड, किती अंडी, किती दूध व लोणी, आजारपणी शुश्रूषा कोणी करावयाची, आणि मरणानंतर क्रियाकर्म कसे, हे सारे त्यात कलमवार लिहीत. हा हक्क जमिनीच्या दप्तरात नोंदलेला असे. त्यामुळे शेत परक्यास विकले तरी नवा मालक त्याने बांधला जाई. ही चाल अजून समूळ गेलेली नाही. ब्रांडेनबुर्ग प्रांतातील युटरबोग गावच्या वेशीवर तर एक सोटा टांगलेला असून, मुलांस सर्वस्व देऊन स्वतः उपाशी राहणाऱ्या बापाच्या पाठीत तो घालावा, अशा आशयाची ताकीद त्यासोबत आहे! ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या कथासंग्रहात म्हाताऱ्यास लाकडी वाडग्यात जेवू घालणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, आणि आपल्याकडील करवंटीची गोष्ट तिची सख्खी बहीण शोभावी. दुःख दोन्हीकडे एकच. त्यांनी त्याच्यावर कागद केला. आपण त्याची गोष्ट सांगून थांबलो.

आम्ही निघण्याच्या सुमारास तिचे सासरे खुर्चीतून उठले. टोपी घातली आणि दाराकडे चालू लागले. दूध काढण्याची वेळ झाली होती. त्या घरात गाय नाही, हे त्यांस ठाऊक नव्हते. कोणी त्यांस अडविले नाही, किंवा "गाई विकल्या" असे सांगितले नाही. एक तरुण मदतनीस त्यांच्याबरोबर गेला. ते खोल्यांच्या दारांवरून, म्हणजे जुन्या ठाणांवरून, एकेक करीत फिरले. प्रत्येक दाराच्या चौकटीवर हात ठेवला, काही पुटपुटले, आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. हे रोज घडते. त्यास दहा मिनिटे लागतात.

मी तेथून उठून बाहेर ओकखाली जाऊन बसले. माझ्या सासूबाईंचे मी नऊ वर्षे केले, आणि त्याबद्दल नात्यागोत्यात माझी वाहवाही झाली. शेवटल्या वर्षांत त्यांसही स्मृतिभ्रंश झाला होता. दिवेलागणीस त्या उठत आणि म्हणत, "गाडी जुंपायला सांग, मला माहेरी जायचंय." त्यांचे माहेर पुसले जाऊन चाळीस वर्षे झाली होती. मी शंभर वेळा समजाविले. एका संध्याकाळी, घरात कोणी नसताना, मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि चुलीपाशी जाऊन बसले. त्यांनी दार वाजविले ते मी ऐकले. आणि मी उठले नाही. ही गोष्ट मी आजवर कोणास सांगितली नव्हती. माझे सासूबाईंवर प्रेम नव्हते असे नाही. पण प्रेम करणारे माणूस एक, दिवस चोवीस तासांचा, आणि घर असे बांधलेले की त्या कोंडलेल्या व मी कोंडलेली. दहा मिनिटे त्यांच्याबरोबर चौकातून दिंडीपर्यंत चालून येणारे दुसरे कोणी असते, तर त्या कडीस हात लावण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

त्या जर्मन घरात सारे आलबेल होते, असे कोणी समजू नये. एक बाई सकाळपासून मुलीच्या येण्याची वाट पाहत रडत होती, आणि मुलगी यावयाची नव्हती. मदतनीस मिळत नाहीत, ही मालकिणीची मोठी चिंता होती. ज्यांचे पेन्शन तुटपुंजे त्यांस भाडे जड जाते. आणि आपल्याकडे तसला विमा नसल्यामुळे ते घर जसेच्या तसे उचलून वाईस आणता येणार नाही, हेही उघड आहे. तथापि दोन गोष्टी आणण्यास विमा लागत नाही. एक, म्हाताऱ्या माणसास घरात अशी जागा देणे की जेथून त्याला घर दिसेल व घराला ते दिसेल. दुसरी, त्याचा वाटा कागदावर लिहून ठेवणे. आपल्याकडे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. ज्येष्ठाने आपली मिळकत सांभाळ करण्याच्या अटीवर दुसऱ्यास दिली, आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते दान रद्द करून घेण्याची सोय त्याच्या तेविसाव्या कलमात आहे. पण त्यासाठी अट लेखात घातलेली असणे श्रेयस्कर. आणि आपल्या घरांतून अट घालणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे समजतात.

परत आल्यावर मार्गशीर्षात आम्ही सारे वाईस जमलो. मी माझे म्हणणे मांडले. भावोजी रागावले नाहीत, पण म्हणाले, "वहिनी, जर्मनीतलं जर्मनीत. इथं पैसा कुठून आणायचा?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. दोन दिवस बोलणी झाली. सून म्हणून माझ्या हातून जे घडले तेही मी सांगितले. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी असे ठरले की, मागचे दोन चौक पडके आहेत ते विकावे. पुढचा चौक राखावा. त्यात थोरल्या जाऊबाईंचा तहहयात राहण्याचा हक्क नोंदणीकृत लेखाने लिहून द्यावा. आणि विक्रीच्या रकमेतून तो चौक नीट करावा. दिंडीच्या उंबऱ्याशी उतार केला, सोप्याला लागून न्हाणीघर व शौचकूप बांधले, आणि स्वयंपाकाचा ओटा सोप्यातच पुढे आणला. आळीतील चार वृद्ध मंडळी आता सकाळी दहापासून चारपर्यंत तेथे येतात. त्यांच्या मुलांनी दिलेल्या वर्गणीतून शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या दोन बायका नेमल्या आहेत. पाचवे एक गृहस्थ आले होते. त्यांस आमची आमटी पसंत पडली नाही, ते गेले. वर्गणी अजून खर्चास पुरत नाही. दोन वर्षे चालवून पाहावे आणि मग पुन्हा बसून ठरवावे, या अटीवर भावोजींनी सही केली आहे.

गेल्या महिन्यात मी वाईस गेले होते. जाऊबाईंची खाट काळोख्या खोलीतून काढून सोप्याच्या कोपऱ्यात मांडली आहे. तेथून दिंडी, चौक, तुळशीवृंदावन आणि ओटा हे सारे दिसते. मी जवळ जाऊन बसले व "वहिनी, बरं वाटतं ना इथं?" असे विचारले. त्यांनी मान हलविली आणि हळूच म्हणाल्या, "अगं, तो दूधवाला रोज पंधरा मिनिटं उशिरा येतो. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही!"